बुऱ्हाणपूरची खिंड उघडी दिसू द्या : ‘दख्खन’ नकाशाच्या कारभाऱ्यांना खुलं पत्र

नकाशे काढणारी, तपासणारी आणि मंजूर करणारी सगळी मंडळी,

राम राम.

पत्र लांबणार आहे, चहा घेऊनच बसा.

मी अमळनेरचा. फ्लेक्स, लग्नपत्रिका, बिलबुकं असं छपाईचं दुकान आहे. दिवसभर कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरसमोर मान मोडून झाली की रात्री साडेदहानंतर, फाशांवर लढून मुलूख जिंकायच्या आपल्या ऑनलाइन खेळात, ‘दख्खन’चा नकाशा उघडतो. हा नकाशा आला तेव्हा माझ्या दुकानात पाठीला कुबड असलेला डबा मॉनिटर होता आणि त्याच्यावर हे चित्र झकास दिसायचं. ज्यांनी ते काढलं त्यांनी एक पैसा न घेता, नोकरीधंदा सांभाळून, नुसत्या माउसने काढलं. मला विचाराल तर आजही आपल्याकडच्या नकाशांत लढायला सगळ्यात चुरशीचा तोच आहे. पुढे जे लिहिणार आहे ते या माणसांना नावं ठेवायला नाही, हे आधीच सांगतो, कारण मागच्या वेळी चित्र बदलायचा विषय काढला तेव्हा दोन जणांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

तर गोष्ट माझ्या भाच्याची. पोरगा बारावीचा, शहाद्याला असतो. दिवाळीच्या सुट्टीत आला, माझं बघून खेळायला लागला, मोबाइलवर. तिसऱ्याच डावात पठ्ठ्याने अख्खा खानदेश घेतला. दर फेरीला दोन फौजा जास्तीच्या मिळायला लागल्या. उत्तरेला सातपुड्याची तपकिरी भिंत दिसत होती, म्हणून त्याने सगळी शिबंदी उचलून पश्चिमेला सुरतेच्या तोंडावर नेऊन बसवली. डोकं बरोबर चालवलं होतं त्याने. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर सातपुड्यापलीकडच्या निमाडातून चौदा फौजा बुऱ्हाणपुरात उतरलेल्या आणि खानदेश साफ. “मामा, तिथे तर डोंगर होता!” असं म्हणत त्याने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. मी पाहिलं तर खरंच डोंगर होता. मग कॉम्प्युटरवर तेच चित्र आठपट मोठं करून पाहिलं, तेव्हा त्या तपकिरी पट्ट्यात एका जागी दोन ठिपक्यांएवढी फिकट फट सापडली. ती म्हणे खिंड.

भाचा त्यानंतर खेळलेला नाही. हरला म्हणून नाही, हरणं त्याला कळतं. “तुमच्या खेळात फसवतात” एवढंच तो म्हणाला.

आता यातली चीड आणणारी गोष्ट अशी की ज्या कोणी हा नकाशा मांडला त्याला भूगोल पक्का ठाऊक होता. नर्मदेच्या खोऱ्यातून तापीच्या खोऱ्यात उतरायला सातपुड्यात जी मोठी वाट आहे, ती बुऱ्हाणपूरजवळचीच. त्या वाटेवर अशीरगड उभा आहे आणि त्याला दख्खनचा दरवाजा म्हणतात ते उगाच नाही. १३८२ पासून फारुकींनी खानदेशावर राज्य केलं, आधी थाळनेरहून आणि मग बुऱ्हाणपूरहून, ते या दरवाजाच्या जोरावर. अकबराला दक्षिणेत यायचं होतं तर आधी हा गड घ्यावा लागला, आणि तो हाती यायला १६०१ चा जानेवारी उजाडला. आजही दिल्लीहून इटारसीमार्गे मुंबईला येणारी गाडी खांडवा, बुऱ्हाणपूर, भुसावळ अशीच उतरते, कारण रेल्वेवाल्यांनाही दुसरी सोपी वाट सापडली नाही. आपल्या खेळाच्या नियमांच्या फाइलमध्ये निमाड आणि बुऱ्हाणपूर यांची जोडणी अगदी बरोबर लिहिलेली आहे. म्हणजे नियम खरा आहे, चित्रच तो लपवतंय.

खेळ चित्र बघत नाही, तो फाइल बघतो. खेळणारा फाइल उघडत नाही, तो चित्रावर विश्वास ठेवतो. या दोघांत फट पडली की जुन्या खेळाडूला काही होत नाही, कारण त्याला वाटा तोंडपाठ असतात. मार खातो तो नवा. तुम्ही-आम्ही वर्षानुवर्षं नव्यांच्या या आंधळेपणावर फुकट डाव जिंकत आलोय, मीसुद्धा. बुऱ्हाणपूरवरून मी किती जणांना असं गाठलंय त्याचा हिशेब काढला तर मलाच लाज वाटेल.

हे दुखणं फक्त आपलंच आहे असंही नाही. आपल्या खेळाचा आजोबा म्हणजे रिस्क, १९५७ मध्ये फ्रान्समध्ये निघालेला, ४२ प्रदेशांचा. त्याच्या एका खास आवृत्तीत मध्यपूर्व आणि पूर्व आफ्रिका यांच्यातली जोडणी छापायचीच राहिली. नंतर कंपनीने ती छपाईची चूक म्हणून मान्य केली आणि पुढच्या आवृत्त्यांत ती परत आली. पण मधल्या काळात ज्यांनी तो पट विकत आणला असेल त्यांच्या घरी काय भांडणं झाली असतील! छपाईच्या धंद्यात असल्यामुळे मला त्या छापणाऱ्याचीही दया येते म्हणा. लग्नपत्रिकेत वधूच्या मामाचं नाव राहिलं तर काय होतं ते मी भोगलंय.

माझ्या धंद्यातलं एक उदाहरण देतो, म्हणजे मूळ रोग कळेल. दर आठवड्याला कोणीतरी वाढदिवसाचं फ्लेक्स लावायला येतं आणि व्हॉट्सॅपवर आलेला फोटो पुढे करतं. “भाऊ, हा दहा बाय आठ करून द्या.” तो फोटो आधीच तीन ग्रुप फिरून आलेला असतो. दहा फुटांवर ताणला की साहेबांच्या मिशीचे चौकोन होतात. मग मी रोजच्यासारखं सांगतो की डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ फाइल द्या. आणि गिऱ्हाईक रोजच्यासारखं म्हणतं, मूळ फाइल कुणाकडे असते हो!

‘दख्खन’चं नेमकं तेच झालंय. आठशे ठिपके रुंदीचं एकच चपटं चित्र, तेही जेपेग. डोंगर, नद्या, सीमा, नावं सगळं एकाच थरात थापलेलं. जेपेग फोटोसाठी असतं. बारीक रेघा आणि अक्षरं त्यात घातली की कडेला मळकट झालर येते. कोणी तरी मधे एक किरकोळ दुरुस्ती करून पुन्हा जेपेगमध्येच साठवलं, तेव्हा ती झालर आणखी वाढली. आज मोबाइलच्या पडद्यावर ते चित्र ओढूनताणून बसवलं जातं आणि खिंड बुजते. मूळ थरांची फाइल कुणाकडे आहे असं विचारलं तर उत्तर आलं, ज्या कॉम्प्युटरवर होती त्याची हार्डडिस्क गेली. म्हणजे दुरुस्ती नाहीच. पुन्हा काढावंच लागणार.

इथे जुनी मंडळी लगेच म्हणतात, चित्राला हात लावला की खेळ बदलतो. त्यांची भीती मी खोटी म्हणणार नाही. मलाही डोळे मिटून माळव्यापासून कोकणापर्यंत हात फिरवता येतो आणि उद्या नाशिकचं वर्तुळ दोन बोटं सरकलं तर माझी पण चिडचिड होईल. पण बदलणार काय, ते नीट बघू. किती प्रदेश, कुणाची सीमा कुणाला, कोणत्या मुलखाला किती जादा फौजा, हे सगळं वेगळ्या फाइलमध्ये आहे आणि तिच्यातलं अक्षरही कोणी बदला म्हणत नाहीये. तीन फाशांनी दोन फाशांवर चढाई केली तर दोन्ही बळी घेण्याची शक्यता ३७.१७ टक्के असते. तापी निळी काढली काय नि जांभळी काढली काय, फाशांना त्याचं काही नसतं.

२०१७ साली स्टारक्राफ्ट हा कॉम्प्युटरवरचा जुना लढाईचा खेळ नव्या चेहऱ्याने आला तेव्हा त्यांनी युक्ती केली होती. एफ-पाच दाबलं की जुनं चित्र, पुन्हा दाबलं की नवं, आणि खाली लढाई तीच चालू. कोरियातले पट्टीचे खेळाडू एका टिचकीच्या फरकावर डाव हरतात, त्यांच्यासमोर खेळाला हात लावायची कोणाची छाती नव्हती. आपल्यालाही असं करता येईल. निदान तीन महिने जुनं चित्र एका बटणाच्या आड राहू द्या. ज्याला जुनाच बरा वाटतो त्याने तो वापरावा. माझी पैज आहे, दुसऱ्या महिन्यात ते बटण कोणी दाबणार नाही.

बरं, नुसतं बुजलेलं असतं तरी मी एवढं लिहिलं नसतं. चित्रात आमच्या मुलखाबद्दल थेट चुका आहेत.

पहिली तापीची. नकाशात नदी एका टोकाला बारीक आणि दुसऱ्या टोकाला जाड काढतात, म्हणजे उगम कुठे आणि मुख कुठे ते कळतं. ‘दख्खन’मध्ये तापी सुरतेजवळ दोऱ्यासारखी बारीक आहे आणि वऱ्हाडाकडे जाता जाता जाड होत गेलीय. काढणाऱ्याने गोदावरी, कृष्णा पूर्वेला नेल्या आणि त्याच हाताने तापीलाही तिकडेच ओढत नेलं असणार. अहो, तापी आणि नर्मदा पश्चिमेला वाहतात हे आमच्याकडे चौथीचं पोर सांगतं! मुलताईला उगम, सातशे चोवीस किलोमीटरचा प्रवास, सुरतेपाशी समुद्र. चांगदेवला पूर्णा येऊन मिळते, ती तर चित्रात नाहीच. आणि ती नसल्यामुळे वऱ्हाडातून खानदेशात यायची मोकळी वाट डोळ्यांना दिसत नाही, नुसता सपाट पिवळा रंग दिसतो.

दुसरी चूक नावांची. नकाशाच्या कोपऱ्यात ऐटीत लिहिलंय, ‘दख्खन, १७६०’. उदगीरची लढाई झाली ते साल, त्यानंतर बुऱ्हाणपूर आणि अशीरगड पेशव्यांकडे आले. साल चांगलं निवडलंय. पण त्याच नकाशावर ‘पूर्व खानदेश’ आणि ‘पश्चिम खानदेश’ असे दोन प्रदेश आहेत! ती वाटणी इंग्रजांनी १९०६ मध्ये केली. १७६० च्या सरदाराला पूर्व खानदेश कुठे आहे विचारलं असतं तर तो म्हणाला असता, उगवतीकडे बघा. दोन प्रदेश खेळाला लागतात, ते राहू द्या; पश्चिमेच्या तुकड्याला नंदुरबार म्हणा आणि पूर्वेच्या तुकड्याला एरंडोल, दोन्ही गावं जुनी आहेत आणि त्या त्या भागातच आहेत. मात्र हात जोडून विनंती, हा नावांचा वाद चित्राच्या कामात मिसळू नका. आपल्याकडे नावाची चर्चा सुरू झाली की एक पिढी जाते. आधी चित्र होऊ द्या, नावं मागाहून.

‘बुर्हाणपुर’ असं रफार देऊन जे छापलंय तेवढं मात्र चित्राबरोबरच दुरुस्त करा. त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. जुन्या फाँटात पायमोडका अर्धा र नीट उमटत नसे, म्हणून ते तसं झालं. आता युनिकोडमध्ये सरळ बुऱ्हाणपूर लिहिता येतं.

मी नुसता बोलत नाही, स्वतः काढून बघितलाय. आणि पहिल्यांदा सपशेल फसलो, तेही सांगतो.

उंचसखल दाखवायला खरी मापं घ्यावीत म्हणून अमेरिकेच्या नासाची उंचीची माहिती उतरवली. २००० च्या फेब्रुवारीत एंडेव्हर यानाने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीचा बहुतेक भाग मोजला, ती माहिती आता फुकट मिळते, तीस मीटरला एक माप. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये घालून त्यावर सावल्या पाडल्या आणि काय दिसलं म्हणून सांगू! सातपुडा, अजिंठ्याची रांग, सह्याद्रीचा कडा आणि मधे पालथ्या हातासारखी पसरलेली तापीची पट्टी. रात्री दोन वाजता मी बायकोला उठवून दाखवलं. ती म्हणाली, छान आहे, आता झोपा.

त्यावर फौजांचे आकडे बसवले आणि सगळा खेळखंडोबा झाला. दरीच्या सावलीत काळा आकडा दिसेना, कड्याच्या उजेडात पिवळा दिसेना. नकाशा इतका देखणा झाला होता की त्याच्यावर खेळता येत नव्हतं. वर आणखी एक घोळ केला. चित्र दीडपट मोठं केलं आणि आकड्यांच्या जागा लिहिलेली फाइल तशीच ठेवली. चाचणीचा डाव उघडला तर सगळ्या फौजा वरच्या डाव्या कोपऱ्याकडे सरकलेल्या. पुण्याच्या बावीस फौजा अरबी समुद्रात उभ्या, आणि निजामाचं सैन्य अमळनेरपाशी येऊन थांबलेलं. त्या दिवशी मला कळलं की आपल्यातल्या तपासनीस मंडळींचं काम किती किचकट असतं. तुमच्या आक्षेपांना मी आडमुठेपणा म्हणायचो, तो शब्द मागे घेतो. सगळा नाही, अर्धा.

दुसऱ्या खेपेला धडा घेऊन बसलो. चित्रावरून आपोआप रेघा काढणारं ऑटो ट्रेस वापरलं नाही. त्याने एका नदीला हजारभर गाठी पडतात आणि झालरीचासुद्धा तो किनारा करतो. हाताने रेघ ओढली, नऊ रात्री लागल्या. आता सगळं रेषांमध्ये आहे, म्हणजे मोबाइलवर टिचभर करा नाहीतर चौकात होर्डिंग लावा, कडा तीच. डोंगर खरे तिथेच आहेत पण सावल्या पार फिक्या केल्या. ज्या ठिकाणी वाट आहे तिथे रांग ठळकपणे तोडली आणि त्या तोडीत दोन उभ्या रेघांची चौकटीसारखी खूण केली. बुऱ्हाणपूरला एक, चाळीसगावच्या दक्षिणेला कन्नडच्या घाटात एक. खरी खिंड एवढी रुंद नाही हे मला माहीत आहे. खेळाच्या नकाशात खिंड तिच्या मापाने काढायची नसते, कामाच्या मापाने काढायची असते.

नद्यांच्या बाबतीतही तेच केलं. गिरणा ठेवली, कारण तिच्यावर सीमा आहे. पांझरा, अनेर, वाघूर काढून टाकल्या. बोरीसुद्धा काढली, जिच्या काठी मी राहतो. ती खोडताना हात थोडा अडला, खोटं कशाला बोलू.

रंगांचं मात्र तुम्हा सगळ्यांनी बसून ठरवायला हवं, तिथे माझी एकट्याची अक्कल पुरत नाही. सध्या खानदेशाला मोहरीसारखा पिवळा रंग आहे. त्यावर पिवळ्या खेळाडूची फौज आली की ती गायबच. आमचे एक जिभाऊ आहेत, पारोळ्याला मास्तर, त्यांना लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नाही. त्यांनी तीन वर्षं ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. ते आपल्याच मित्राच्या फौजेवर चढाई करायचे आणि आम्ही त्यांना गद्दार म्हणायचो. कळल्यावर मला रात्री झोप आली नाही. प्रत्येक खेळाडूच्या वर्तुळात रंगाबरोबर एखादी खूण द्या, त्रिकोण, चौकट, आडवी रेघ, काहीही. त्याला खर्च शून्य आहे.

रंग जमलेत का हे बघायची आमच्या धंद्यातली एक साधी रीत सांगतो. नकाशाची काळी-पांढरी झेरॉक्स काढा. झेरॉक्समध्ये जे एकमेकांत मिसळून गेलं ते उन्हात मोबाइल धरणाऱ्यालाही दिसत नाही. ‘दख्खन’ची झेरॉक्स काढली तर खानदेश, वऱ्हाड आणि माळवा मिळून एकच राखाडी चादर होते. मुलखांना सहा रंग हवेत असंही नाही. कुठलाही सपाट नकाशा, त्यातला प्रत्येक मुलूख एकसंध असेल तर, चार रंगांत भागतो. १८५२ मध्ये फ्रान्सिस गथ्री नावाच्या तरुणाला इंग्लंडच्या परगण्यांचा नकाशा रंगवताना ही शंका आली आणि ती खरी ठरवायला १९७६ उजाडलं, तेही अपेल आणि हाकेन या गणितज्ञांनी कॉम्प्युटर जुंपला तेव्हा. चारच फिके रंग जमिनीला दिले तर बाकीचे गडद रंग फौजांना मोकळे राहतात.

अक्षरांबद्दल दोनच शब्द. रोमन अक्षर अकरा ठिपक्यांत वाचता येतं, आपलं येत नाही. वर वेलांटी, खाली उकार, मधे शिरोरेषा, सगळं एकमेकांच्या अंगावर चढतं. नावं मोठी ठेवा, गरज पडली तर कमी ठेवा, आणि चित्रात भाजून टाकू नका, वेगळ्या थरात ठेवा. मुक्त, बालू, नोटो हे फाँट खुल्या परवान्याचे आहेत, कुणाची परवानगी मागायला नको. माझ्या दुकानात अजून जुने चोरीचे फाँट पडलेत, ते मी या कामात वापरलेले नाहीत, एवढी शपथ घेतो. आणि हो, कोणी कृपा करून एखाद्या अ‍ॅटलासचं पान स्कॅन करून त्याच्यावरून सीमा गिरवू नका. ओपनस्ट्रीटमॅप हा खुला नकाशा आहे, त्यांचं नाव खाली लिहिलं आणि त्यांच्या अटी पाळल्या की झालं.

आता शेवटचं, आणि मला वाटतं तुमच्या सगळ्या आक्षेपांना यातच उत्तर आहे.

जानेवारीत आमच्या मित्रांची भरताची पार्टी होती, तापीकाठच्या एका मळ्यात. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला टाकली होती आणि धूर डोळ्यांत जात होता. मी दुकानातून दोन फ्लेक्स छापून नेले होते, सहा बाय चार, एक जुन्या चित्राचा आणि एक माझ्या. विहिरीजवळच्या खोलीच्या भिंतीला दोन्ही बांधले. पार्टीला पंचवीसएक माणसं होती, त्यातले खेळणारे चौघेच. बाकीच्यांना मी एकच प्रश्न विचारला: उत्तरेकडून फौज घेऊन खानदेशात यायचं तर कुठून याल?

मळ्याचे मालक आप्पा, सत्तरीचे, खेळ वगैरे काही माहीत नाही. जुन्या चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “हाई काय शे भो? गोधडी?” सगळे हसले. नव्यासमोर गेले आणि काठीचं टोक थेट बुऱ्हाणपूरच्या खुणेवर टेकवलं. “आठेच तर शे वाट.” त्यांचे वडील त्या वाटेने बैल घेऊन यायचे, असं ते पुढे सांगत बसले. उरलेल्यांपैकी, मी मोजलं, जुन्या चित्रावर दोघांना खिंड सापडली आणि नव्यावर सतरा जणांना. बाकीचे तोपर्यंत जेवायला बसले होते. याला शास्त्रीय पाहणी म्हणा असा माझा हट्ट नाही, पण प्रत्येक नव्या चित्राची अशी एक परीक्षा घ्यावी असं मला मनापासून वाटतं. ज्याने खेळ कधी पाहिला नाही अशा दहा माणसांना चित्र दाखवायचं आणि वाटा विचारायच्या. जिथे ती अडतात तिथे चित्र चुकलं. आज आपण चित्र तपासतो ते आपणच वाटा पाठ असलेले दहा-बारा जण, मग आपल्याला चुका दिसणार कशा?

आप्पांनी जाता जाता मलाही धरलंच. “अनेर कुठे गेली?” त्यांचा मळा अनेर आणि तापीच्या बेचक्यात आहे. मी समजावलं की आप्पा, खेळात तिला काम नाही, जागा कमी पडते. त्यांना काही पटलं नाही. भरीत वाढेपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

तर माझं मागणं असं. ‘दख्खन’ पुन्हा काढायला घ्या, माझंच चित्र घ्या असं नाही, कोणाचंही चालेल, पण या पावसाळ्यापर्यंत काहीतरी लागू करा. मंजुरीच्या रांगेत नवे नकाशे आणि जुन्यांची डागडुजी एकाच ओळीत उभे असतात आणि नवा नकाशा नेहमी पुढे जातो, कारण नव्याचं कौतुक जास्त. डागडुजीची ओळ वेगळी करा. जुन्या चित्रकारांची नावं नव्या चित्रावर पहिली लिहा, ज्याने फक्त रंगरंगोटी केली त्याचं नंतर. आणि मंजूर झालेल्या प्रत्येक नकाशाची थरांसकट मूळ फाइल तीन ठिकाणी ठेवा. एका हार्डडिस्कने आपली बरीच वर्षं खाल्लीत.

नऊ रात्रींचं काम सोबत पाठवतोय. रेषांच्या फाइलमध्ये थरांची नावं मराठीत आहेत: जमीन, डोंगर, वाटा, नद्या, सीमा, नावं, आकडे. आकड्यांच्या जागांची फाइल या वेळी दोनदा तपासलीय, पुण्याच्या फौजा पुण्यातच आहेत. तुम्हाला पाहिजे तो थर बदला, खोडा, नवा काढा. फक्त नद्यांच्या थरातल्या तापीला मी कुलूप लावून ठेवलंय. ते उघडायचं असेल तर आधी मला फोन करा.

आपला,
‘दख्खन’चा एक जुना खेळाडू
अमळनेर

ता. क. अनेर मी परत घातलीय. अगदी बारीक रेघ आहे, खेळाला अडथळा नाही. आप्पांकडे पुढच्या हिवाळ्यात पुन्हा भरीत खायला जायचंय.